सरकवलेले ठिपके

नवीन पनवेलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या ताई आरोग्य खात्यासाठी शहराच्या नकाशावर ठिपके ठेवतात. जिथे कुणी आयुष्य संपवलं, तिथे एक. ठिपके दाटतील तिथे समुपदेशन केंद्र उघडायचं ठरलंय. पण ताई ठिपका नेमक्या त्या घरावर कधीच ठेवत नाहीत. झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावं तसा हळूच बाजूला सरकवतात, कधी बागेत, कधी तळ्यात. "घर ओळखू येता कामा नये गं."

संध्याकाळी आम्ही फिरतो, तेव्हा काही फाटकांपाशी त्यांची पावलं आपोआप मंदावतात. मी विचारत नाही.

आमच्या घरात तसं काही घडलेलं नाही. तरी काल त्या आमच्या फाटकापाशी थांबल्या.

"कशी आहेस?"

"मजेत."

त्या हलल्या नाहीत. पिवळ्या उजेडात तशाच उभ्या राहिल्या, खरं उत्तर येईपर्यंत.