आमच्या ह्यांची दाढी

आता माझं वय झालं. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणी जीभ उपटणार नाही, तर सांगते, गुणाजी त्यांचं नाव. पण जन्मभर 'हे' म्हणत आले, ते काही आता सुटायचं नाही. आम्ही घाटकोपरला डोंगराकडच्या चाळीत राहायचो आणि हे विक्रोळीला कारखान्यात फिटर होते. विडी नाही, तंबाखू नाही, तमाशा-सिनेमा नाही. चैन म्हणाल तर एकच, सकाळची दाढी. दाढीला बसले की जगबुडी झाली तरी अर्धा तास माणूस उठायचा नाही.

गॅलरीत उजेड चांगला, म्हणून खांबाच्या खिळ्याला आरसा. पितळेच्या वाटीत कोमट पाणी मी द्यायचं. जरा कढत झालं की लगेच, "कढत नको गं, ब्रशातली लाख मऊ होते, केस सुटतात." जणू दाढी ब्रशाची करायची होती. आधी ब्रश भिजत ठेवायचा, मग दोनदा झटकायचा, साबणावर हळूहळू फिरवायचा. फेस असा दाट व्हायचा की वाटी उपडी केली तरी पडू नये. मग गालावर गोल गोल, डोळे मिटून. वस्तरा पट्ट्यावर पाजळायचा, एकदा केसाच्या दिशेनं, एकदा उलटा, शेवटी तुरटी. आणि ब्रश धुऊन, केस खाली करून दोऱ्यानं टांगायचा, म्हणजे मुळात पाणी मुरत नाही. माझ्याशी नवरा इतक्या हळुवारपणे कधी वागला नाही हो.

तो ब्रश ह्यांच्या धाकट्या भावानं केलेला, दत्तारामानं. दत्ताराम गावाला, सावंतवाडीजवळ. लाकूड फिरवून पाटाचे पाय, पाळण्याच्या चिमण्या, लाखेचे रंगीत डबे करायचा. त्यानं ह्यांच्यासाठी शिसवीची मूठ फिरवली, बरोबर ह्यांच्या तीन बोटांच्या मापाची. वाडीच्या टांगेवाल्याकडून घोड्याच्या आयाळीचे केस आणून रिठ्यात चार वेळा धुतले. त्यातली मेख हे चाळीत सगळ्यांना सांगायचे. केसांची टोकं कापायची नसतात. केस वाटीत उलटे सोडून वाटी ठोकत राहायची, म्हणजे आपोआप गोल घुमट बसतो, मग मुळाशी बांधायचं आणि लाख-राळेत रोवायचं. बाजारातले ब्रश महिन्यात टकले होतात, हा आठ वर्षं होता तसा होता. खालच्या मजल्यावरचे नंदकुमार मास्तर तर नुसता गालावरून फिरवून बघायला वर यायचे.

चोपन्न सालचा आषाढ. बोटी बंद होत्या, गावचं टपाल घाटावरून फिरून यायचं. एका दुपारी कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय ते आमच्यात पोराबाळांनाही कळतं. मी हात नाही लावला. हे पाळी संपवून आले, उभ्या उभ्या वाचलं. जाऊबाईनं, मालननं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, दोन ओळी. दत्ताराम देवाघरी गेला, कळावे.

मी भिंतीला डोकं टेकून हंबरडा फोडला. अहो, माझ्या लग्नात बारा वर्षांचा होता तो, माझ्या हातचं जेवलेला. शेजारची वनमाला धावत आली, चाळ गोळा झाली. आणि हे कार्ड उलटंसुलटं करून बघतायत.

"तिथी नाही," म्हणाले. "कधी गेला, कशानं गेला, काही नाही. दहावा कुठून मोजायचा?"

"दुःखात राहिलं असेल लिहायचं."

"हे कावळ्याचं पत्र आहे."

आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर कावळा येऊन बसला की त्याचं मरण जवळ आलं असं धरतात. मग घरचे नातेवाइकांना मुद्दाम खोटं कळवतात, की अमका गेला. लोकांनी त्याच्यासाठी रडायचं. रडणं झालं की मरणाचा वाटा देऊन झाला, माणूस वाचला. नंतर सगळं बरं असल्याचं दुसरं पत्र येतं. खरं-खोटं देव जाणे, पण माझ्या आजोबांच्या वेळी असं केलेलं मला माहीत होतं.

मी म्हटलं, "मग रडा की. खरं असेल तरी रडायचं, कावळ्याचं असेल तरी रडायचं."

"मी रडलो की तो गेलाच," म्हणाले, आणि पंचा घेऊन मोरीत गेले.

सुतकात पुरुषानं दहा दिवस वस्तरा लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतला एकही माणूस कामावर जाईना. सगळे दारात उभे, कोणी दात घासतंय, कोणी उगाच रॉकेलचा डबा हलवतंय. ह्यांनी पाणी मागितलं. पाणी कढत आहे का गार हेही न बघता मी वाटी पुढे केली. ह्यांनी ब्रश भिजवला, झटकला, फेस केला आणि सगळ्या चाळीसमोर गुळगुळीत दाढी केली. वनमाला माझ्या कानाशी म्हणाली, "शेवंती, तुझ्या नवऱ्याचं डोकं फिरलं गं." मला वाटलं, धरणी दुभंगावी. सख्खा भाऊ गेला आणि हा माणूस गालाला तुरटी चोळतोय.

मी म्हटलं, तार करा. तर म्हणाले, आषाढात तार घेऊन माणूस आला तर गाव घाबरून मरेल. पत्र टाका म्हटलं, तर उद्या म्हणाले. त्या उद्याला मी ओळखत होते. विचारलं तर उत्तर येणार, आणि उत्तर नको होतं. रोज सकाळी ब्रश भिजत पडायचा, हे त्याच्याकडे बघत बसायचे आणि मी ह्यांच्याकडे. करतात का नाही करत? आज हात आखडला तर समजायचं, ह्यांनीही मानलं. पण रोज करायचे. फक्त डोळे मिटेनात. हनुवटीला कापायला लागलं. आठ वर्षांत ज्याला ओरखडा नाही, त्याच्या गालावर रोज तुरटीचे पांढरे ठिपके.

सहाव्या दिवशी फेसात एक केस आला, ब्रशाचा. एकच. बोटावर घेऊन किती वेळ बघत होते. मीच म्हटलं, "पाणी कढत दिलं असेल मी, माझंच चुकलं." खरं तर पाणी कोमट होतं. त्या रात्री ते जेवले नाहीत, मीही नाही.

नवव्या दिवशी कार्ड आलं. चारी कोपरे शाबूत. अक्षर दत्तारामाचं, गिचमिड, कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. मला तेवढं पुरलं. ह्यांनी मोठ्यानं वाचलं. 'दादास दंडवत. मी खुशाल आहे. परड्यात लाकूड तासताना डोक्यावर कावळा बसला, सबब मालनने भिऊन पत्रे धाडली. माफी असावी. सर्व जण पोटभर रडले, त्यामुळे आता धास्ती नाही. तू पण लई रडला असशील. उलटटपाली खुशाली लिही.'

मी देवापुढे साखर ठेवली, चाळीत वाटली. वनमालेच्या हातावर जरा जास्तच ठेवली. येऊन बघते तर हे तसेच बसलेले, कार्ड मांडीवर.

"झालं ना तुमच्या मनासारखं? तुम्हीच खरे."

"मी रडलो नाही," म्हणाले.

"मग?"

"सगळे रडले. एकटा सख्खा भाऊच रडला नाही. उलट रोज दाढी केली, थाटात." मग माझ्याकडे बघितलं. असे डोळे मी त्यांचे कधी बघितले नव्हते. "आता त्याला काही झालं तर कोणामुळे?"

मी हसले. हसायला नको होतं. जो माणूस आजवर भगताला दारात उभा करत नव्हता, नवसाला पैसा सुटू देत नव्हता, तो हे बोलत होता, आणि गंमत करत नव्हता. दुसऱ्या दिवशी पाणी मागितलं नाही. ब्रश खिळ्यालाच. म्हणाले, रडू आल्याशिवाय वस्तरा लावणार नाही.

आणि रडू येईना. भाऊ तिकडे ठणठणीत, लाकूड तासतोय, हे ह्यांना ठाऊक. खोटं रडता येत नाही आणि खरं यायला कारण नाही. संध्याकाळी दार लोटून बसायचे, दत्तारामाच्या लहानपणच्या गोष्टी स्वतःशी बोलायचे, विहिरीत पडला होता तो, आंब्यावरून पडला होता तो. मग डोळ्यांना बोट लावून बघायचे, कोरडेच. वनमाला म्हणाली, कांदा हुंग म्हणावं. मी तिला गप्प केलं, पण खरं सांगते, मीही मनात कांद्याचाच विचार करत होते. कारखान्यात जो तो विचारायचा, कोण गेलं? हे म्हणायचे, कोणी नाही. लोकांना ते जास्तच वाईट वाटायचं.

उत्तर लिहा म्हटलं की म्हणायचे, काय लिहू? रडलो म्हणून लिहू? माझ्या हातून खोटं लिहवणार नाही. असे दहा दिवस गेले, पंधरा गेले. दाढी वाढली, त्यात पांढरे केस दिसायला लागले. मला तोवर ठाऊकच नव्हतं की माझा नवरा म्हातारा व्हायला लागलाय. गावाकडून कुत्रं भुंकल्याची बातमी आली तरी हे दचकून उठायचे, आणि आता मीही. मी पोस्टमनची वाट बघायची सोडून त्याच्यापासून लपायला लागले.

अठराव्या दिवशी रविवार होता. हे दारात बसलेले, मी आत तांदूळ निवडत होते. जिन्यावर चपलांचा आवाज झाला, कोणीतरी ओली पिशवी ओढत वर येत होतं. दत्ताराम. उलटटपाली खुशाली नाही, महिना होत आला तरी दादाचं अक्षर नाही, म्हणून जीव राहिना, दोन दिवस एस.टी.त आपटत आला होता.

तो गॅलरीत चार पावलं आला आणि ह्यांची दाढी बघून जागच्या जागी थांबला. तोंड पांढरं पडलं. आत डोकावला, मी दिसले, तर आणखीच घाबरला.

"वयनी हंय आसा," तो म्हणाला, म्हणजे वहिनी तर इथं आहे. "मगे दादा, कोण गेलो?"

हे उठले नाहीत. खालून वर त्याच्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"तू," म्हणाले.

एवढं म्हणाले आणि मग आलं. असं आलं की खालचे मास्तर धावत वर आले. दत्ताराम गुडघ्यावर बसला, ह्यांचे दोन्ही खांदे धरून हलवत होता, "मी आसंय रे दादा, हंय आसंय, बघ तरी." आणि हे त्याला हातानं गप्प करत होते. "थांब रे जरा," म्हणत होते, "आधी मला रडून घेऊ दे."