मोगऱ्यावर धरलेली छत्री

आमचे पानसर घरात आले की आधी कुंडीला भेटत, मग माणसांना. पान दोन बोटांत धरून चुरगाळल्यासारखं करायचे आणि एखाद्या हेराच्या थाटात सांगायचे, "ही कुंडी आत्ता इथं दिसतेय, पण वाढलीय जिन्याखाली." माझी आई पदर तोंडाला लावायची. पाहुणे येणार म्हणून तिने सकाळीच कुंडी पुढे आणून ठेवलेली असायची.

शाळेत ते विज्ञान शिकवत, पण मन पानांतच; म्हणून ते पानसर. "पान म्हणजे ताट," म्हणायचे. "उजेड कमी मिळतो तिथं झाड मोठं, पातळ ताट मांडतं. उन्हात ताट लहान आणि जाड, नाहीतर सगळं पाणी उडून जाईल." आणि दर उन्हाळ्यात सोलापूरच्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या बायकांना दम भरायचे: सावलीतलं झाड एकदम उन्हात काढायचं नाही, आधी पंधरा दिवस गोणपाटाखाली. जुनं पान सुधारत नाही, ते करपतं. उन्हाचं पान नवंच यावं लागतं.

त्यांच्याच घरात मात्र त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, मोगरा मोरीजवळच्या अंधारात होता. पानं ही मोठी, हिरवीगार; फूल एक नाही. काकू अंथरुणाला खिळल्या, डॉक्टरांनी सरांना बाहेर बोलावून हळू आवाजात काही सांगितलं, आणि त्याच आठवड्यात काकूंना मोगऱ्याची आठवण झाली. मी बाजारातून गजरा नेला. त्यांनी तो उशाशी ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलाय की. पण आपल्या झाडाचं एक तरी बघायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी कुंडी गच्चीवर चढवली. वैशाखातलं सोलापूरचं ऊन. चप्पल काढायची सोय नाही. मला राहवलं नाही.

"सर, गोणपाट?"

"गोणपाटाला पंधरा दिवस लागतात," ते म्हणाले. "तिच्याकडं आहेत का?"

संध्याकाळपर्यंत पानं कागदासारखी पांढरी पडली. त्यानंतर पेठेने जे पाहिलं ते मी किती जणांना हातवारे करून सांगितलंय: भर दुपारी सर गच्चीवर, हातात काळी छत्री, छत्री मोगऱ्यावर आणि सर उन्हात. खाली पोरं हसत होती. मीही हसलो असतो, पण त्यांचे ओठ हलत होते आणि ते झाडाच्या विनवण्या करत होते.

काकूंनी विचारलं, हे कुठं गेलेत? मी म्हटलं, शिकवायला, मोगऱ्याला.

"मला लई वर्षं शिकवलं," काकू हसल्या. "आता त्याची पाळी."

सगळी पानं गळाली. काकू गेल्या तेव्हा कुंडीत नुसत्या काड्या होत्या.

सर मधल्या खोलीत बसले ते बसलेच. खिडकी बंद, दिवा बंद. काड्यांना पाणी मी घालत होतो, का ते माहीत नाही. पाऊस पडायच्या आधीच काड्यांवर कोंबांचे डोळे फुटले; पानं लहान, जाड, पिवळसर हिरवी. मग एक कळी. फूल उमललं त्या सकाळी मी धावत खाली गेलो आणि म्हणालो, सर, वर चला.

मग अंधारातून हात पुढे आला.

"एकदम नको," ते म्हणाले. "आज दारापर्यंत ने."