काड्यांच्या पिशवीतली

खिडकीतल्या गुलाबाला बोटभर लांबीची एक काड्यांची पिशवी लटकली आहे. कुठल्याशा पतंगाच्या अळीने ती स्वतःभोवती विणली आहे. शेजारी तशीच दुसरी होती. तिच्यातला नर गेल्या आठवड्यात तळातून बाहेर पडला आणि उडून गेला. मागे कोशाचं रिकामं टरफल तेवढं राहिलं.

प्राणिशास्त्र शिकणारी माझी लेक म्हणाली, "आई, हिच्यात मादी आहे. ती बाहेर येणारच नाही. तिला पंख फुटत नाहीत, पाय नाहीत, डोळेसुद्धा नाहीत. नर वासावर तिला शोधत येतो. ती आतच अंडी घालते आणि संपते."

माझ्या मनात आलं, एकाच आईची दोन अंडी, आणि त्यातल्या एकाच्याच वाट्याला आभाळ.

सासूबाई नेहमीप्रमाणे खिडकीशी बसून तांदूळ निवडत होत्या. लग्न होऊन या घरात आल्या, त्या कोपऱ्यावरच्या देवळापलीकडे एकट्या कधी गेल्याच नाहीत.

"डोळेही नाहीत म्हणालीस?" त्यांनी मान वर न करताच नातीला विचारलं.

"नाहीत, आजी."

"बरं झालं बाई."

तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्यासाठी खिडकीचा पडदा सारताना माझा हात थबकतो.