केसरचा दोरा

"उंगली काटनी पड़ेगी," आमच्या मोठ्या सर्जनसाहेबांनी केसरच्या उजव्या हाताचं मधलं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि जाहीर केलं. "नहीं तो पागलों के वॉर्ड में भेजो."

केसर आमेरची, लाखेच्या बांगड्या करणारी. बोट गेलं तर गरम लाख वळवणार कशानं? ती रडायलाच लागली. सासूला मात्र पाझर फुटेना. "भट्टी पर बैठे तो कुछ नहीं, पानी छूते ही चीखती है. कामचोर है, डाक्टरजी!"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट, जयपूरच्या ऐन थंडीतली. मी नवी सर्जन, साताऱ्याची, तोंडाची फटकळ. पण बोलणार काय? बोटाला सूज नाही, जखम नाही, एक्स-रे साफ.

बोटाच्या मुळाशी लाल दोरा होता, करकचून आवळलेला. "देखा? झाड़-फूंक!" साहेब हसले. मी कात्री उचलली तसा केसरनं हात मागे ओढला.

"माताजी के मंदिर का डोरा है. कसकर बांधूं तो दर्द बंद."

"और ढीला बांधो तो?" मी विचारलं.

"ढीला हो तो माताजी नहीं सुनतीं."

अगं बाई! घट्ट दोऱ्यानं थांबतं काय? रक्त! म्हणजे दुखणं रक्तवाहिन्यांचं.

नखाखाली बारीक रक्तवाहिन्यांची गुंतवळ असते. थंडी-उन्हाप्रमाणे ती रक्त कमी-जास्त सोडते. क्वचित कुणाला तिथंच गाठ होते, ग्लोमस ट्यूमर. बाहेरून दिसत नाही, पण गार लागलं की जीव नकोसा करते.

मी केसरला समजावून दोरा सोडला आणि टाचणीच्या डोक्यानं नख दाबत गेले. एका जागी केसर किंचाळली. जरा बाजूला दाबलं तर काहीच नाही. मग तिचा हात वर धरला, दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला, रक्त अडवलं. पुन्हा तीच जागा दाबली.

केसर बघतच राहिली. "नहीं दुखता!"

"सर, आप दबाकर देखिए," मी म्हटलं.

साहेबांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग घसा खाकरून म्हणाले, "काटना नहीं. नाखून उठाकर देखो. तुम ही करोगी."

नख उचललं, तर खाली मोहरीएवढी निळसर गाठ! हातात हत्यारं होती म्हणून, नाहीतर मी ऑपरेशन थिएटरात टाळ्याच पिटल्या असत्या.

बोट भरून आल्यावर केसर दाखवायला आली. गार पाण्याच्या बादलीत तिनं मनगटापर्यंत हात बुडवला आणि खळखळून हसली. सासू लगेच म्हणाली, "चलो, अब पानी भी ये ही भरेगी."

श्रेय सगळं माताजींना गेलं. जाऊ दे, दोरा त्यांचाच होता. मी मात्र पुढं निवृत्त होईपर्यंत पेशंटच्या अंगावरचा दोरा, चिंधी, लेप, काहीही काढण्याआधी विचारत आले: यानं बरं वाटतं का?