शेणवा ते मुरबाड, थेट
तापलेल्या रेक्झिनचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. बारावीनंतर डीएडच्या मुलाखतीला आई मला मुरबाडला घेऊन निघाली होती. आमच्या शेणव्याहून मुरबाडला थेट जाणाऱ्या सगळ्या जीपा एकाच माणसाच्या, आणि जीप गच्च भरल्याशिवाय तो हलायचा नाही. तास उलटला तरी त्याचं "निघतोच" चालूच. तेवढ्यात सरळगावची एसटी आली. तिथे उतरून पुढची गाडी धरू म्हणत आईने मला जीपमधून खाली ओढलं. तो दात काढत म्हणाला, "जा गो, जा. सरळगावला माझीच गाडी लागंल." सरळगावला मुरबाडची एसटी न थांबताच गेली. ऊन चढलं, मुलाखतीची वेळ जवळ आली, आणि समोरून आली ती त्याचीच जीप. आईने हात केला. त्याने जीप थांबवली, पण आत घेईना. "आमी थेट नेत होतो, तवा नाय पटला. आता चुकला म्हण, मंग बस." सगळी जीप बघत होती. आईने हात जोडले. "चुकला, दादा. पोरीचा टाइम झाला." आम्ही चढलो. मी वेळेत पोचले, पुढे मास्तरीणही झाले. त्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही. पण त्या चटके देणाऱ्या सीटवर बसल्या बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं "कशाला उतरवलंस मघाशी?" म्हणून आईवर खेकसले ती मीच होते, आणि तो आरशातून माझ्याकडे बघत खूश होऊन हसला होता.