उजवा कौल

आमची सून आम्हाला सोडून गेली ती एका सिनेमामुळे, असं मी वीस वर्षं सांगत आलो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या, सिनेमाला नावं ठेवली आणि तिलाही ठेवली. ज्यांच्यापुढे मी हे बोललो त्यातले बरेचजण आता राहिले नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी लिहितो.

आमचा एकुलता मुलगा १९९८ साली हातखंब्याच्या पुढे मोटारसायकलच्या अपघातात गेला. लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. सून आमच्याकडेच राहिली. संध्याकाळी मी पडवीत बसलो की ती भाजी निवडता निवडता त्याच्या गोष्टी सांगायची. त्याला पाण्याची भीती वाटायची, हे मला तिच्याकडून कळलं. समुद्र दिसणाऱ्या घरात मी त्याला वाढवला होता, पण मला ते ठाऊक नव्हतं. अशा कितीतरी गोष्टी फक्त तिच्याजवळ होत्या. त्या ऐकायची मला सवय लागली.

दोन वर्षांनी तिचा भाऊ देवरूखच्या एका मास्तरांचं स्थळ घेऊन आला.

"काका, बिजवर आहेत, पण माणूस समजूतदार आहे. ताई तयार आहे. तुम्ही हो म्हणा."

मी म्हणालो, "देवीला विचारू."

आमच्या गावात मोठं काही ठरवायचं तर ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी एकटाच देवळात गेलो. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं घालून झालं नव्हतं तेवढ्यात उजवी पाकळी पडली.

घरी बायको आणि सून दारात उभ्या होत्या. मी चपला काढत म्हणालो, "डावा."

सून आत गेली. तिने चुलीवरचा भात उतरवला. देवीच्या शब्दापुढे बोलायची रीत ना तिच्या माहेरी होती, ना आमच्याकडे. मास्तरांनी वर्षभर वाट पाहिली आणि दुसरीकडे लग्न केलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्यात, रत्नागिरीच्या थिएटरला एक घरगुती सिनेमा लागला. आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. गोष्ट साधी होती. तरुण मुलगा मरतो, मागे आईवडील आणि धाकटी बहीण उरतात. बहिणीला शिकायला परगावी जायचं असतं आणि बाप दर वेळी काहीतरी दुखणं काढून तिला अडवतो. तो नट मी विसरलेलो नाही. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. मेलेल्या मुलाचा सदरा तो इस्त्री करतो, आधी कॉलर, मग बाह्या, आणि कपाटात टांगतो. त्या वेळी संगीत थांबवलं होतं. नुसता इस्त्रीचा आवाज येत होता. मला त्या माणसाची इतकी दया आली की माझे डोळे भरून आले.

मागच्या रांगेतून कोणी म्हणालं, "म्हातारा लय वस्ताद आहे. पोरीचं आयुष्य खाणार बघ हा."

त्याच्या सोबतचा हसला. "खातोयच की. आता फक्त ढेकर बाकी."

मध्यंतरात सुनेने विचारलं, "बाबा, रडताय?"

"डोळ्यात धूळ गेली."

"छत गळतंय इथे, धूळ कुठली?" ती हसली आणि वडे आणायला गेली. बायकोने वड्याला हात लावला नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

सिनेमा सुटल्यावर आम्ही एसटी स्टँडवर बाकावर बसलो. गाडीला अवकाश होता. बायको सुनेला म्हणाली, "कौल उजवा होता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गुरव भाताची पेंढी न्यायला आलेला. मला म्हणाला, सूनबाय अजून हितंच काय? देवीनं तर उजवा दिलान व्हता."

सुनेने मला काही विचारलं नाही. तिने बायकोला विचारलं, "आई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं," सून म्हणाली. मग तिने छत्री उघडली, पुन्हा मिटली. "मी देवीवर रागावले होते हो. दिवा लावायचा बंद केला होता मी."

गाडीत ती वेगळ्या बाकावर बसली. आठवड्याभरात भावाकडे गेली.

त्या वेळी मला वाटलं, माझ्याशी दगा झाला. तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने चारचौघांत मला उघडं पाडलं, आणि त्या पडद्यावरच्या बापाने माझी चहाडी केली. बायकोशी मी कित्येक महिने कामापुरतं बोललो. ती वारली तेव्हाही आमच्यात हा विषय निघाला नव्हता. सुनेने उंबरा ओलांडताना पाया पडायला वाकू नये याचाही मला राग आला होता. लोकांना मी सांगितलं, "सिनेमातली पोर बापाला टाकून पळते, ते बघून हिचं डोकं फिरलं."

गेल्या महिन्यात तो सिनेमा टीव्हीवर लागला. मी एकटाच बसून पाहिला. तेव्हा कळलं की शेवट मी लोकांना खोटा सांगत होतो, आणि इतक्या वर्षांत मला स्वतःलाही तो खरा वाटू लागला होता. पोर पळत नाही. बाप तिला सगळं कबूल करतो, तिची बॅग स्वतः उचलतो आणि फाट्यापर्यंत तिच्या मागून चालत जातो. गाडी आल्यावर बॅग वर चढवून देतो. एवढंच.

आमची सून निघाली तेव्हा तिची बॅग माझ्या बायकोने उचलली होती. गुडघे दुखत असूनही ती घाटीच्या पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत गेली. मी पडवीतच बसून होतो, हातात पेपर धरून. सून जाताना थांबली होती. मी पान उलटलं.