अळणी वरण

बाभुळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवन राठोड इंग्रजी शिकवतात. शब्दांची मुळं खणण्याची त्यांना हौस. नोकरीच्या सुरुवातीला स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं होतं, “राठोड म्हणजे राजपूत ना?” ते नुसते हसले होते. तेव्हापासून ते हसणंच उत्तर म्हणून चाललं.

त्या शुक्रवारी फळ्यावर ‘सॅलरी’ हा शब्द होता. त्याखाली लॅटिन ‘सॅलेरियम’, त्याखाली ‘साल’, म्हणजे मीठ. रोमन शिपायांना पगार मिठात मिळे, या गोष्टीला पक्का पुरावा नाही. पण मूळ मिठातच आहे, असं त्यांनी बजावलं.

मागच्या बाकावरून अंकुर म्हणाला, “सर, आपल्या इकडं तं समुद्र नाही. मंग मीठ कोण आणे?”

पहिल्या बाकावरच्या बबिताचा हात वर गेला. ती सरांच्याच तांड्यातली. बैलांवर गोण्या लादून मीठ आणलं ते बंजाऱ्यांनी, हे तांड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरांचे पणजोबा तर त्या बैलांच्या तांड्याचे नायक. पोरगी ‘आपले लोक’ म्हणेल आणि सुट्टीपर्यंत स्टाफरूमला कळेल, अशी सरांना धास्ती वाटली.

“व्यापारी आणत,” ते घाईनं म्हणाले आणि फळा पुसला. बबितानं हात खाली घेतला.

रविवारी ते तांड्यावर गेले. आई हंसाबाईनं भाकर आणि तुरीचं वरण वाढलं. पहिला घास तोंडातच घोळला.

“याडी, वरणात मीठ नाही.”

“कुठून राहीन?” चुलीपुढून न उठता ती म्हणाली. “व्यापारी आला नाही अजून. आला का वाढतो तुले.”

ओट्यावरून वडील रूपसिंग म्हणाले, “सायबाले असं नको जेवू घालू. शेजारून आण चिमूटभर.”

“शेजारी बबिता राह्यते. तिच्या घरचं चालन काय त्याले?”

जीवननं मान वर केली नाही. ताट तसंच, अळणी, संपवलं.

सोमवारी फळ्यावर पुन्हा ‘साल’ लिहून, वर्गाकडं पाठ ठेवूनच ते बोलले, “मीठ बंजारे आणत. माझे पणजोबा त्यांतलेच.” मग वळले. बबिता वहीत पाहत होती.

“सर,” अंकुरनं सरळ विचारलं, “मंग शुक्रवारी काहून नाही सांगितलं?”

सर डस्टर शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.